सही न करण्याचा हक्क



१ एप्रिल २०१५ रोजी बीबीसीने एका वीस वर्षांच्या फुटबॉलपटूची मुलाखत दाखवली आणि इंग्लंडमध्ये त्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात झाली. हा खेळाडू म्हणजे लिव्हरपूलचा रहीम स्टर्लिंग. क्लबने त्याच्यापुढे आठवड्याला सुमारे एक लाख पौंडांचा नवा करार ठेवला होता आणि त्याने सही केली नव्हती. आपण पैशाच्या मागे लागलेलो नाही, बोलणी मोसम संपल्यावर करू, हाच प्रस्ताव आदल्या मोसमात आला असता तर याहून कितीतरी कमी पैशांतही सही केली असती, असे त्याचे म्हणणे होते. लोकांच्या कानात मात्र एक लाखाचा आकडा तेवढा राहिला. मे महिन्यात क्लबचा वर्षातील सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून पारितोषिक घ्यायला तो व्यासपीठावर आला, तेव्हा सभागृहातल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. ज्या खेळासाठी पारितोषिक मिळत होते, त्यात कुणाला खोट दिसली नव्हती. राग होता तो न केलेल्या सहीचा. हा राग समजण्यासारखा आहे, पण न्याय्य नाही, हे मला आज मांडायचे आहे.

करार मोडणे आणि नवा करार नाकारणे या दोन गोष्टी त्या गदारोळात एक होऊन गेल्या. स्टर्लिंगचा चालू करार २०१७च्या उन्हाळ्यापर्यंत होता आणि मोसमभर तो त्या कराराप्रमाणे खेळत होता. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपल्यावर पुढचा करू की नाही, हे भाडेकरूने आधीच सांगितले म्हणून त्याला कुणी घरबुडव्या म्हणत नाही. मग क्लबला दोन वर्षे आधी नवी सही का हवी होती? खरी मेख इथेच आहे. फुटबॉलमधला करार हा पगाराचा कागद असतो, तसाच तो विक्रीच्या किमतीचाही कागद असतो. मुदत जितकी लांब, तितकी दुसऱ्या क्लबकडून मागता येणारी रक्कम मोठी. मुदत संपत आली की ती रक्कम घसरते. मुदत संपून तरुण खेळाडू गेला तर इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाची भरपाई मिळते खरी, पण ती लवाद ठरवतो, बाजार ठरवत नाही. याच क्लबच्या लुईस सुआरेझने डिसेंबर २०१३मध्ये नव्या करारावर सही केली आणि जुलै २०१४मध्ये तो बार्सिलोनाला विकला गेला. सात महिन्यांत! त्या सहीने निष्ठा सिद्ध झाली नाही, भाव चढला. स्टर्लिंगने पुढच्याच वर्षी सही लांबवली, तेव्हा हे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

सही न करण्याचा हा हक्क खेळाडूंना कुणी सहजासहजी दिलेला नाही. १९६१च्या जानेवारीपर्यंत इंग्लंडमध्ये कितीही मोठ्या खेळाडूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त पगार देता येत नसे. त्याहून जाचक होता तो खेळाडू अडकवून ठेवण्याचा नियम. करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलकडे पुन्हा सही करायला नकार दिला, काही महिने खेळाबाहेर राहून दुसरी नोकरी धरली आणि आर्सेनलला गेल्यानंतरही न्यायालयातला लढा सोडला नाही. १९६३मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी हा नियम म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरचे गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. आपल्या १८७२च्या करार कायद्यातले कलम २७ याच तत्त्वावर उभे आहे. पुढे बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात विनामूल्य जाण्याची वाट मोकळी झाली. स्टर्लिंग तेव्हा एक वर्षाचा होता. त्याच्या हातात जे हत्यार होते, ते आधीच्या दोघांनी स्वतःच्या उमेदीची वर्षे पणाला लावून घडवलेले होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो खाल्ल्या मिठाला जागण्याचा. क्लबने पंधराव्या वर्षी घेतले, घडवले, मैदानावर उतरवले, मग उपकारांची जाण नको का? जाण जरूर असावी, पण हिशेबही पाहावा. क्वीन्स पार्क रेंजर्सकडून २०१०मध्ये तो सुमारे सहा लाख पौंडांच्या प्राथमिक रकमेत आला. जुलै २०१५मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी चार कोटी चाळीस लाख पौंड मोजले आणि पुढची संभाव्य रक्कम धरून सौदा चार कोटी नव्वद लाखांचा झाला. या विक्रीतला जुन्या क्लबचा वाटा वजा करूनही लिव्हरपूलच्या पदरी घसघशीत रक्कम पडली. शिवाय निष्ठेची अपेक्षा दोन्ही बाजूंनी असती, तर गोष्ट वेगळी होती. त्या काळात संघाचे व्यवस्थापक होते ब्रेंडन रॉजर्स. मे २०१४मध्ये क्लबने त्यांच्याशी दीर्घ मुदतीचा नवा करार केला आणि ऑक्टोबर २०१५मध्ये त्यांना निरोप दिला. क्लबला व्यवहार म्हणून हे शोभते, तर खेळाडूलाही शोभले पाहिजे.

दुसरा आक्षेप रकमेचा. शिक्षिका, परिचारिका वर्षभर राबून जे मिळवत नाहीत, ते आठवड्यात नाकारणे हा माज नव्हे काय? ही विषमता मलाही खुपते. पण स्टर्लिंगने नाकारलेले पैसे परिचारिकेला मिळणार नव्हते. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आलेला तो पैसा मालकाकडे राहणार, की ज्याच्या पायांवर तो उभा आहे त्याच्याकडे जाणार, एवढाच प्रश्न होता. शिवाय पोरसवदा खेळाडूच्या श्रीमंतीकडे सगळे एकाच नजरेने पाहत नाहीत. २०१८च्या डिसेंबरमध्ये स्टर्लिंगनेच दोन बातम्या शेजारी-शेजारी ठेवून दाखवल्या. सिटीच्या दोन तरुण खेळाडूंनी घरे घेतली होती. कृष्णवर्णीय खेळाडूच्या बातमीत उधळपट्टीचा सूर होता, गोऱ्याच्या बातमीत आईसाठी घर घेतल्याचे कौतुक.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. मोसम रंगात असताना, क्लबला बाजूला ठेवून मुलाखत देणे हे शहाणपणाचे नव्हते. जुलैमध्ये त्याने संघाच्या परदेश दौऱ्यातून वगळण्याची मागणी केल्याच्या आणि सराव चुकवल्याच्या बातम्या आल्या. त्या खऱ्या असतील, तर तिथे त्याची बाजू लंगडी पडते, कारण चालू करारातले काम टाळणे हा नकाराचा हक्क नव्हे. मी काढलेली रेघ खेळाडूलाही बांधून ठेवते. करार आहे तोवर सराव, सामना, दौरा यांतले काहीही चुकवता येणार नाही, आणि त्यापलीकडे पुढची सही कुणाला मागण्याचा हक्क नाही.

राहता राहिला चाहता. त्याचे प्रेम निखळ असते, तो क्लब बदलत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याने बदलला की त्याला घाव बसतो. पण त्याचे प्रेम क्लबवर आहे आणि खेळाडू त्या क्लबचा नोकर आहे. आपल्या प्रेमाचे देणे नोकराच्या खात्यावर टाकता येत नाही. तेव्हा यापुढे अशी बातमी वाचाल, तेव्हा आकडा पाहण्याआधी एकच विचारा: याने दिलेला शब्द मोडला, की नवा शब्द द्यायला नकार दिला? पहिले असेल, तर खुशाल दोष द्या. दुसरे असेल, तर तो त्याचा अधिकार आहे, मग रक्कम एक लाखाची असो वा वीस पौंडांची.