परीक्षेचा काळ आणि व्यायाम



परीक्षा तोंडावर आली की विद्यार्थ्याच्या दिनक्रमातून प्रथम गळतो तो व्यायाम. पालकांना, कित्येकदा शिक्षकांनाही, हा त्याग योग्यच वाटतो. वस्तुतः मनावरचा ताण ज्या दिवसांत सर्वाधिक असतो, त्याच दिवसांत त्याचा एक आधार काढून घेतला जातो.

मुंबईत या आधाराची परंपरा जुनी आहे. गिरगावच्या आणि लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत सारे कुटुंब राही. अशा वस्तीत व्यायामशाळा आणि कबड्डीचे मैदान या तरुणांच्या हक्काच्या जागा ठरल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, त्या जागी उंच इमारती आल्या; उरलेल्या मैदानांचे मोल त्यामुळे अधिकच वाढले.

दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली स्थापन झाले. तेथील मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही हा खेळ शिकविला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मल्लखांबावर असताना सारे लक्ष पकड, श्वास आणि तोल यांवर ठेवावे लागते. तेवढा वेळ उद्याच्या प्रश्नपत्रिकेची चिंता दूर राहते. काल न साधलेली पकड आज साधते, आणि गुणपत्रिकेबाहेरही यश असते हे कळते. शिवाय एखादा दिवस चुकला तर ‘काल का आला नाहीस?’ असे विचारणारे कोणी असते. एकाकी मनाला हा प्रश्न फार मोलाचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाझप चालले तरी तो पुरा होतो; त्यास खर्च नाही.

मात्र व्यायाम हा उपचारांना पर्याय नव्हे. उदासी आठवडे न् आठवडे हटत नसेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर वैद्यकीय साहाय्य विनाविलंब घ्यावे. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

महाविद्यालयांनी परीक्षेच्या महिन्यात जिमखान्याला कुलूप लावू नये. ग्रामपंचायतींनी गावची तालीम आणि मैदान संध्याकाळी मुलामुलींसाठी खुले ठेवावे, तेथे दिव्याची सोय करावी. अभ्यासाचा अर्धा तास त्याने कमी होईल; पण उरलेल्या तासांना बळ लाभेल.