स्विमिंग पूल: बांधणं एकदाच, सांभाळणं रोजचं



शनिवार-रविवार आला की मुंबई-ठाण्याची माणसं पळस्पे फाट्यावरून आपल्याकडच्या फार्महाऊसवर वळतात. आपल्या गटांतल्या काही जणींनीही दोन खोल्या आणि घरगुती जेवण असं सुरू केलंय. फोनवर पाहुणे आधी विचारतात, "पूल आहे का?" म्हणून यंदा पूलसाठी कर्जाचे अर्ज आले. मंजुरीआधी आम्ही दहा वर्षांचा खर्च मांडला. तोच आज सांगतो.

पूल मुख्यतः तीन प्रकारचे. पहिला सिमेंट-काँक्रीटचा. हवा त्या मापाचा होतो, सगळ्यांत जास्त टिकतो. पण बांधायला महाग. पुढे लाद्या सुटतात, सांधे गळतात, लाद्यांच्या फटीत शेवाळ धरतं. म्हणजे घासणं जास्त, औषधही जास्त.

दुसरा फायबरचा. तयार टाकीच ट्रकवरून येते, म्हणून रस्ता रुंद हवा. आतून गुळगुळीत, त्यामुळे शेवाळ कमी. पण आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. तेव्हा टाकी रिकामी ठेवली तर ती वर उचलली जाऊ शकते.

तिसरा प्लास्टिकच्या अस्तराचा. सुरुवातीला स्वस्त. पण साधारण सात ते दहा वर्षांत अस्तर बदलावं लागतं. टोकदार दगड किंवा खुर्चीचा पाय लागला तर त्याआधीच.

आता तिन्हींना लागणारा खर्च. 20 फूट लांब, 10 फूट रुंद, 4 फूट खोल पूलमध्ये सुमारे 22,600 लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजारी दोन टँकरांहून जास्त. कडक उन्हात रोज शंभरेक लिटर उडून जातं, म्हणजे सहा-सात हंडे. एक हॉर्सपॉवरचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला 135 युनिट वीज. पाहुणे नसले तरी तो चालवावा लागतो, नाहीतर पाणी हिरवं होतं. वर क्लोरीन, गाळणीची वाळू आणि साफसफाईची मजुरी.

कर्जाचंही बघा. दोन लाख घेतले आणि व्याज महिना एक टक्का असेल, तर पहिल्या महिन्याला दोन हजार फक्त व्याजाचे.

म्हणून आम्ही अर्जाला एक कागद जोडायला सांगितलाय. वर्षाचा सगळा खर्च लिहा, त्यात हप्ता धरा आणि पाहुणे खरोखर येतात त्या दिवसांनी भागा. तो आकडा एका दिवसाच्या भाड्यातून सुटत नसेल, तर पूल आपल्याला पोसणार नाही, आपणच त्याला पोसू. एप्रिल-मेमध्ये विहीर आटत असेल, तर हिशोब करायचीही गरज नाही. आधी घरचं पाणी.

आकडा जमला, तर पूलभोवती कुंपण आणि कुलूप लावायचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. घरात लहान मुलं असतात. तिथे काटकसर नको.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा कागद मांडून बघा.