‘उद्या बघू’ म्हणण्याआधी

(रौप्यमहोत्सवी आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांचा आनंदसोहळा आणि मी आजारपणाचं बोलणार, तेव्हा थोडं सांभाळून घ्या. सेक्रेटरी म्हणाले, “दादाचं सांगा, लोकांना कळू दे.” म्हणून उभा आहे.

दादाला तुम्ही सगळे ओळखत होता. गणपतीचा मांडव पहिल्या वर्षापासून त्याच्याच हातचा. करंजा बंदरावर मासळी निवडताना त्याच्या अंगठ्यात शिंगाळ्याचा काटा घुसला. आपल्याकडे हे रोजचंच. हळद लावली, फडकं बांधलं. त्याला डायबेटिस होता. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणत होती, तो म्हणाला, “उद्या बघू.” सकाळी गोळीने ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी मात्र धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, स्वतःच्या मुलाला त्याने भलत्याच नावाने हाक मारली. सकाळपासून लघवीही नव्हती. हॉस्पिटलात नेलं तेव्हा बीपी लागत नव्हतं. दोन दिवसांनी तो गेला. कागदावर शब्द होता सेप्सिस. आमच्या घरात तो आधी कुणी ऐकलेला नव्हता.

आपण म्हणतो, रक्तात विष पसरलं. खरं तर जंतूंशी लढता लढता शरीराचाच तोल जातो आणि ते स्वतःच्या किडन्या, फुप्फुसं, मेंदू बिघडवू लागतं. त्याला जखमच लागते असं नाही. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, बाळंतपण, यांतूनही होतं. म्हाताऱ्या माणसांना तर कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. 2017 साली जगात सुमारे 1 कोटी 10 लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, असा अंदाज आहे.

हे ओळखणं डॉक्टरांचंच काम, असं वाटत असेल तर गडचिरोलीचं ऐका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत तिथल्याच, जेमतेम पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना तयार केलं. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग लुळं पडलं, की सेप्सिसचा संशय घ्यायचा. आई-बाप दवाखान्यात न्यायला तयार नसले तर घरीच अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बालमृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या इतर गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आपल्या सोसायटीत तर घरोघरी ग्रॅज्युएट आहेत, हो! आणि आपल्याला इंजेक्शन द्यायचं नाही, फक्त ओळखून निघायचं आहे.

इन्फेक्शन किंवा जखम झालेल्या माणसाला धाप लागली, तो बरळू लागला, लघवी थांबली, कातडी गार किंवा डागाळलेली दिसली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. ताप उतरलाय यावर जाऊ नका. डॉक्टरांना सरळ विचारा, “हा सेप्सिस असू शकेल का?” कुणी रागावत नाही. अँटिबायोटिक आणि सलाईन जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. इथून पनवेल काही जवळ नाही.

वहिनीने हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. तो कागद आज जिन्याजवळच्या बोर्डावर लावतोय. खाली 108 आहे, आणि रात्री गाडी काढायला तयार असलेल्या तीन सभासदांचे नंबर आहेत. बी विंगमधून अजून कुणाचं नाव आलेलं नाही. जेवणाआधी मला भेटा.