साठीनंतरची शिकवणी



ऑक्टोबर तोंडावर आलाय. आता आपल्यापैकी अनेकांना भारतातून तो ठरलेला फोन येईल : "हयातीच्या दाखल्याचं काय करायचं गं?" पेन्शन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं. माझे बाबा पोस्टात होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. ती रत्नागिरी जिल्ह्यात गावी एकटी राहते. वय ७४.

हा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावाने आधारच्या मदतीने ऑनलाइन देता येतो. पण त्याला बोटांचा ठसा लागायचा, आणि आयुष्यभर लावणी केलेल्या, राखेने भांडी घासलेल्या बोटांवर ठसा उरतो कुठे? आईने तीनदा बोट ठेवलं, तीनदा यंत्राने नाकारलं. शेवटी रिक्षा करून बँकेत गेली. "मी आहे हे तुला माहितीय ना, मग झालं," म्हणाली मला.

पुढे २०२१च्या नोव्हेंबरात चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली. घरचा स्मार्टफोन पुरतो. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि डोळे मिचकावायचे. सोय उत्तमच. पण आईला ती शिकवायची कुणी?

सरकारने शिकवलं नाही असं नाही. २०१७ मध्ये 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' मंजूर झालं. खेड्यांतल्या सहा कोटी घरांतून एकेका माणसाला २० तासांचं शिक्षण. फी नाही, शेवटी परीक्षा. इंटरनेटवर शोधणं, ई-मेल, पैसे पाठवणं, सरकारी सेवा वापरणं, असा सगळा कामाचा अभ्यासक्रम. मार्च २०२४ मध्ये योजना संपली, तोवर सुमारे ६ कोटी ३९ लाख लोक शिकल्याचा सरकारी आकडा आहे. त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण योजनेत वयाची अट होती, १४ ते ६०.

कल्पना अशी असावी की घरातला एक शिकला की तो बाकीच्यांना सांगेल. बरोबरच आहे. पण आमच्या घरातलं त्या वयातलं माणूस म्हणजे मी, आणि मी बसलेय इथे न्यू जर्सीत! तुमच्यापैकी किती घरांची हीच गोष्ट असेल.

शिकवणी साठीला थांबली, तशी वायर ग्रामपंचायतीपाशी थांबली. 'भारतनेट' हे काम २०११ मध्ये वेगळ्या नावाने मंजूर झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची. पण पंचायतीच्या कचेरीपासून आमच्या पडवीपर्यंतचं अंतर कुणी भरून काढायचं? शिवाय बरीचशी केबल एका सरळ ओळीत टाकलेली, म्हणजे रस्त्याच्या कामात कुठे एका जागी तुटली की पुढची गावं बंद. २०२३च्या सुधारित आराखड्यात ती वर्तुळात जोडायची ठरलीय, म्हणजे एकीकडून तुटली तर दुसरीकडून चालेल. त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर आहेत. आई अजून मोबाइलच्याच रेंजवर आहे, आणि ती रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात येते. तिथे तिने खुर्ची कायमची मांडून ठेवलीय.

साठीनंतर शिकणं होतं का, असं कुणी विचारलं तर मी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं नाव सांगते. २०१६ च्या महिलादिनी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या आज्या पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या आणि सही करायला शिकल्या.

मग आम्हीही गेल्या वर्षी रविवारची शिकवणी सुरू केली. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. पहिले दोन रविवार मी पूर्ण वाया घालवले. "वर उजवीकडची तीन टिंबं दाब," म्हटलं, तर आई म्हणाली, "अगं, टिंब म्हणजे अनुस्वार ना? तो तर अक्षरावर असतो." चूक माझी होती. मग ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट शिकायची आणि ती आईने आपल्या शब्दांत वहीत लिहायची. तिच्या वहीत व्हॉट्सॲप म्हणजे 'हिरवा फोन'. मी ते दुरुस्त केलं नाही.

एक पान मात्र मी सांगितलं तसंच लिहून घेतलं. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, मलासुद्धा नाही. कुणी व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश घालून 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन ठेवायचा. असली अटक भारतीय कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३०. हे पान फोनच्या शेजारी भिंतीला चिकटवलंय.

गेल्या नोव्हेंबरात तिने दाखला स्वतः दिला. दोनदा फसलं, कारण पाठीमागे दाराचा उजेड होता. मग खुर्ची फिरवली. झाल्यावर मला फोन न करता आधी शेजारच्या काकूंना बोलावलं आणि त्यांचाही करून दिला.

आता कामाचं सांगते. ऐंशी ओलांडलेल्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा घरी असं कुणी असेल तर नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नका. फोनवर नाहीच जमलं तर पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात करून देतो, पोस्टात चौकशी करायला सांगा. आणि खुर्ची उजेडाकडे तोंड करून ठेवा म्हणावं.