ओल आणि उगवण: गळिताच्या पिकांचे पहिले दिवस



2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, अशा तक्रारी मराठवाड्यातून इतक्या आल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. 2019 च्या सुगीत पीक पावसात भिजलं होतं, त्यामुळे बियाण्यात खोट होतीच. पण ओल चुकली तर चांगलं बीसुद्धा मातीतच जातं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

सोयाबीनच्या दाण्याला मोड यायला स्वतःच्या वजनाच्या निम्मं पाणी शोषावं लागतं. मक्याचं साधारण तिसऱ्या हिश्श्यात भागतं. मृगाची एखादी सर येते, वरची माती भिजते आणि आपण तिफण जुंपतो. दाणा फुगतो, कोंब फुटतो. खाली मात्र कोरडंच असतं आणि वरची ओल दोन दिवसांच्या उन्हात उडते. कोंब फुटलेल्या दाण्याला मागं फिरता येत नाही. मग दुबार पेरणी, म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उसनवारी. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं ते यासाठीच. आपली काळी माती पाणी पुष्कळ साठवते, पण त्यातला मोठा वाटा स्वतःलाच चिकटवून ठेवते. हाताला ओलसर लागणाऱ्या मातीतही दाणा तहानलेला राहू शकतो.

नांदेडकडच्या गोदाकाठच्या भारी रानांत दुखणं बहुधा उलटं असतं. पेरणीवर मुसळधार पडला, वापसा येईना, की मातीतली हवेची जागा पाणी घेते. प्राणवायू हवेतून जितका झपाट्यानं पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. बी गुदमरतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पेरणीनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी खुरप्यानं तास उकरून पाहा. दाणा टणक असेल तर ओल पोचलेली नाही. बोटानं दाबल्यावर लगदा झाला आणि वास आला, तर बहुधा पाणी साचलंय. कोंब वाकून वरच्या पपडीला अडलेला, मान मोडलेली दिसली, तर दोष पपडीचा. सोयाबीन आपली जाड दलं घेऊन वर येतं. त्याला 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल पेरणं सोसत नाही. पपडी हलक्या हातानं फोडता येते. चिबड रानाला मात्र पेरणीआधीच रुंद वरंबा-सरी हवी. नंतर चर काढणं म्हणजे धावपळच.

करडईची रीत वेगळी. पहिला महिनाभर ती जमिनीलगत पानांचा झुबका धरून बसते, वाढ खुंटल्यासारखी दिसते. तेवढ्यात सोटमूळ साठलेल्या ओलीमागं खोल उतरत असतं. लातूर भागात तिच्यावर कोरडवाहू रब्बी निभावली ती या मुळाच्या जोरावर. पण सुरुवातीची ओल तिलाही लागतेच. सोयाबीन काढून रान आठवडाभर उघडं पडलं, की वरचा थर सुकतो आणि भेगा पडू लागतात. तेव्हा करडई घ्यायची असेल तर लवकर येणारं सोयाबीन पेरा, करडईचं बी रात्रभर भिजवून ठेवा, आणि सोयाबीनची कापणी उरकताच ओलीला धरून पेरणी करा.