आपल्याच माणसाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



भ्रष्ट पुढाऱ्याची कथा सांगताना आपण बहुधा परपक्षाकडे बोट दाखवतो. आज मी आपल्याच चळवळीतून वर आलेल्या माणसाविषयी बोलणार आहे. जयप्रकाशजींच्या १९७४ च्या आंदोलनातील विद्यार्थी नेते लालूप्रसाद यादव १९७७ मध्ये लोकसभेत गेले. १९९० मध्ये बिहारचे मुख्यमंत्री झाले. मागासलेला माणूस तेथे मान ताठ करून बोलू लागला. त्याच वर्षी त्यांनी अडवाणींची रथयात्रा समस्तीपूरला अडवली. हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु जानेवारी १९९६ मध्ये चाईबासा या आदिवासी मुलखात पशुसंवर्धन खात्याची झडती झाली आणि चारा घोटाळा उघडकीस आला. कधीच न आलेल्या चाऱ्याची बिले कोषागारातून वटली होती. ही लूट आधीच्या राजवटीत सुरू झाली होती, हे खरे. पण ती थांबवण्यासाठीच जनतेने सत्तापालट केला होता ना?

जुलै १९९७ मध्ये राजीनामा देताना त्यांनी मुख्यमंत्रिपद पत्नी राबडीदेवींच्या हाती सोपवले. लोकांची सत्ता घरची मालमत्ता झाली. ३० सप्टेंबर २०१३ रोजी रांचीच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पाच वर्षांची सजा झाली, खासदारकी गेली.

या पतनाचे भांडवल करून सामाजिक न्यायालाच बदनाम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर एकच: आपल्या माणसाचा हिशेब प्रथम आपणच मागितला पाहिजे. तो न्यायालयांवर सोपवला, तिथेच आपली हार झाली.