पाण्याचे बिल आणि हिशेबाचा हक्क



या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत मोठमोठे विषय बोलले जातात. आम्ही शाळा सोडली ती मागावर उभे राहण्यासाठी. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या पगारचिठ्ठ्या वाचता वाचता. तेव्हा आजही आम्ही एक चिठ्ठीच वाचणार आहोत. ती पाण्याच्या बिलाची आहे.

आमच्या गावात चार बिऱ्हाडांचा एक वाडा आहे. माणसे अठरा, मीटर एक. दोन महिन्यांना ऐंशी युनिटांच्या आसपास पाणी लागे. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. एकदा हा आकडा एकदम सव्वाशेच्या घरात गेला. वरच्या टप्प्याला दर चढा, त्यामुळे रक्कम दुपटीच्याही पुढे गेली. वाड्यातली एक वृद्ध बाई, यंत्रमागाच्या कांड्या भरून पोट भरणारी, ते बिल घेऊन कचेरीत गेली. खिडकीतून उत्तर आले, ‘मीटर फिरला म्हणजे पाणी गेले. आधी पैसे भरा, मग अर्ज करा.’ बाई आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘भाऊ, जे पाणी आम्ही डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही, त्याचे पैसे कुठून भरायचे?’

आम्हांला जे येते ते आम्ही केले. मोर्चा काढला. ‘मीटर खोटा आहे’ अशा घोषणा दिल्या. मीटर तपासणीला गेला आणि बिनचूक ठरून परत आला! त्या दिवशी आमची मान खाली गेली, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे त्याच कचेरीतल्या एका फिटरने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, ‘रात्री नळ बंद झाल्यावर हौदात काठी घाला, पाण्याच्या पातळीशी खडूची खूण करा, आणि सकाळी पाहा.’ आम्ही रात्री दहाला खूण केली. सकाळी सहाला पाणी आठ सेंटिमीटर खाली गेले होते. हौद दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद. म्हणजे एका सेंटिमीटरला तीस लिटर. आठ तासांत २४० लिटर, दिवसाला ७२०, आणि साठ दिवसांत ४३,२०० लिटर. बिलातली सारी वाढ येथे सापडली. हौदाच्या तळाला चीर होती आणि पाणी मुकाट्याने जमिनीत जात होते.

या फजितीनंतर आम्ही मीटरचा अभ्यास केला. घरगुती मीटरमध्ये पाण्याच्या वेगाने फिरणारे चक्र असते. ते जुने झाले की बहुधा हळू फिरते आणि कमीच मोजते. तेव्हा भरमसाट बिल आले की आधी मीटरला शिव्या देणे बरोबर नव्हे. पण म्हणून ग्राहकच खोटा, असेही ठरत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते; रिकाम्या नळात भरलेली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि तीही चक्र फिरवते. वाचन घेणारा आला नाही की सरासरीचे बिल निघते, आणि पुढे खरे वाचन झाले की मागची सारी तफावत एकाच बिलात येऊन पडते, तीही कित्येकदा चढ्या दराच्या टप्प्यात. बहुतेक मीटरांवर काळे आकडे युनिटांचे आणि लाल आकडे त्याखालच्या लिटरांचे असतात. एक लाल आकडा काळ्यांत मोजला गेला की वाचन दसपट होते. शिवाय फ्लशची टाकी झिरपते, बॉलकॉक अडकून टाकी वाहते, ते वेगळेच.

आता मुद्द्याचे. महापालिकेच्या वाहिनीतून पाणी गळते तेव्हा त्याला ‘तूट’ म्हणतात, आणि ती सर्वांच्या माथी वाटली जाते. गरिबाच्या हौदातून गळते तेव्हा मात्र त्याला ‘वापर’ म्हणतात, आणि तो एकट्याच्या माथी बसतो. पाणी तेच, जमीन तीच! हा न्याय आम्हांला समजत नाही.

कोणी म्हणेल, सूट दिली तर तो भार इतर ग्राहकांवर पडेल. हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. ज्याच्या टाकीतून महिनोन् महिने पाणी वाहते आणि जो ढुंकून पाहत नाही, त्याला सूट नकोच. परंतु गळती जमिनीखाली होती, कळताच दुरुस्त केली आणि त्याचा पुरावा दिला, अशा ग्राहकाचे एक बिल मागच्या सरासरीने आकारावे. इंग्लंडमध्ये पाणी कंपन्या भूमिगत गळतीसाठी अशी सूट देतात, बहुधा एकदाच. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिल थकले म्हणून राहत्या घराचे पाणी तोडण्यास १९९९ च्या कायद्याने बंदी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात चुकीच्या बिलांचा गवगवा वर्षानुवर्षे चालला. तेथील नगरपरिषदेने २०१९ साली ठराव करून बिलांच्या तक्रारींसाठी पाणीखात्यापासून वेगळी कचेरी मान्य केली. तिची अंमलबजावणी रखडली हे खरे, पण तत्त्व मान्य झाले: ज्याने बिल केले, त्यानेच त्याचा निवाडा करू नये.

आपल्याकडे ‘अभय योजना’ येतात. मुंबई महापालिकेने २०२० साली अशी योजना आणली. थकलेले मूळ बिल भरणाऱ्याला त्यावरचा जादा आकार माफ झाला. हे चांगलेच आहे. पण अभय अपराध्याला द्यायचे असते. ज्या बाईचा अपराधच ठरला नाही, तिला अभय कशाला? तिला हिशेब हवा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने मालकावर बंधन घातले की, कामगाराला आपली बाजू मांडू दिल्यावाचून दंड कापता येणार नाही. जो न्याय गिरणीच्या दाराशी मिळाला, तो नळाच्या तोटीशी का मिळू नये?

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत. वाद मिटेपर्यंत ग्राहकाने मागच्या सरासरीइतके पैसे भरावेत आणि तोवर नळ तोडू नये. वाचन त्याच्या समक्ष पुन्हा घ्यावे. निर्णय कारणांसह लेखी द्यावा. लपलेल्या गळतीला एकदा सूट द्यावी. आणि आपणही काही करावे. दर महिन्याला मीटर वाचून वहीत आकडा लिहावा. नळ बंद असताना, पण वाहिनीत पाणी असताना, मीटर फिरतो का ते पाहावे. कचेरी दाद देत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराखाली वाचननोंदींची नक्कल मागावी. घोषणेआधी काठी आणि खडू, हा धडा आम्ही उशिरा शिकलो.

त्या बाईचे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही हिशेब मांडला, गवंड्याची पावती जोडली. उत्तर आले की नियमात तरतूद नाही. चार हप्ते मात्र मिळाले. बाईने आपला वाटा भिशी उचलून भरला. शेवटचा हप्ता भरल्यावर तिने ती पावती आम्हांला आणून दिली आणि म्हणाली, ‘भाऊ, ही तुमच्याकडे ठेवा. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.’ ती पावती आज आमच्या खिशात आहे. तिचा उपयोग करण्यासाठीच आम्ही येथे आलो.